मुक्तस्रोत डेटाबेसची निवड : तुलनेच्या कोष्टकापलीकडे

प्रास्ताविक

संगणकशास्त्र आणि संगणक-उपयोजन या अभ्यासक्रमांच्या अंतिम वर्षाला प्रकल्प-अहवाल सादर करावा लागतो. प्रस्तुत लेखकाला परीक्षक या नात्याने असे पुष्कळ अहवाल वाचावे लागले आहेत. विषय निरनिराळे असतात : ग्रंथालय व्यवस्थापन, रुग्णालयाची नोंदवही, पतसंस्थेचे खाते, वसतिगृहाचा प्रवेश. परंतु 'वापरलेली डेटाबेस प्रणाली' या शीर्षकाखालील पान बहुधा एकच असते. मायएसक्यूएल ही मोफत आहे, वेगवान आहे, लोकप्रिय आहे आणि वापरण्यास सुलभ आहे, अशी चार वाक्ये तेथे आढळतात. क्वचित एखादे कोष्टक असते. त्यात तीन-चार प्रणालींची नावे आडवी, गुणधर्म उभे आणि मधल्या चौकटींत 'आहे' किंवा 'नाही' असे शेरे असतात. तोंडी परीक्षेत 'हीच का निवडली?' असे विचारले असता उत्तर प्रामाणिक मिळते : 'सर, प्रयोगशाळेत तीच होती.'

या उत्तरात वाईट काही नाही. किंबहुना अहवालातील चार वाक्यांपेक्षा ते अधिक खरे आहे. अडचण पुढे उद्भवते. हाच विद्यार्थी दोन वर्षांनी एखाद्या महाविद्यालयाची प्रवेशप्रक्रिया किंवा फीवसुली संगणकावर आणतो, आणि त्या वेळीही निवड त्याच चार वाक्यांच्या आधारे होते. प्रकल्पाचे आयुष्य एका सत्राचे असते. गुणपत्रकांचे आयुष्य चाळीस वर्षांचे असते. आज्ञावली जुनी झाली की टाकून देता येते, परंतु तिच्या पोटातील नोंदी पुढच्या प्रणालीत न्याव्याच लागतात. म्हणून डेटाबेसची निवड ही संगणकाच्या सोयीपेक्षा अभिलेख-जतनाच्या जबाबदारीची बाब अधिक आहे. तिच्याकडे तशा दृष्टीने पाहिले जात नाही, हा या लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

लोकप्रियतेचा उगम

मायएसक्यूएल आपल्या प्रयोगशाळांत आली कशी, हे आधी पाहणे उचित ठरेल. १९९५ साली स्वीडनमध्ये मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क आणि ॲलन लार्सन यांनी ती सुरू केली. २००० साली ती जीपीएल या परवान्याखाली आली आणि लिनक्स, अपाचे व पीएचपी यांच्या जोडीने स्वस्त संकेतस्थळांचा पाया ठरली. दुसरीकडे पोस्टग्रेएसक्यूएलची परंपरा अधिक जुनी होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील परिसरात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली पोस्टग्रेस प्रकल्प हाती घेतला; अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल भाषेची जोड दिली आणि १९९६ साली त्याला आजचे नाव मिळाले. म्हणजे ही प्रणाली विद्यापीठात जन्मली. तरीही आपल्या महाविद्यालयांत ती पोहोचली नाही. याचे कारण तात्त्विक नसून अगदी साधे आहे. विंडोजवर थेट चालणारी तिची पहिली आवृत्ती ८.० ही होती आणि ती जानेवारी २००५ मध्ये आली. तोवर विंडोजच्या संगणकांनी भरलेल्या आपल्या प्रयोगशाळांत मायएसक्यूएल स्थिरावली होती, शिक्षकांच्या टिपणांत गेली होती आणि प्रश्नपत्रिकेतही शिरली होती. पुढे सवयीलाच गुणवत्ता समजले जाऊ लागले.

वेगाच्या कीर्तीचेही असेच आहे. मायएसक्यूएलच्या ज्या वेगाचे गोडवे गायले गेले, तो प्रामुख्याने मायआयसॅम या साठवण-यंत्रणेचा वेग होता. ही यंत्रणा व्यवहारांची अखंडता सांभाळत नसे आणि तक्त्यांमधील परस्परसंबंधांचे बंधनही पाळत नसे. परकीय कळीची सूचना लिहिली तर ती मुकाट्याने स्वीकारली जाई आणि दुर्लक्षिली जाई. २०१० साली आलेल्या ५.५ या आवृत्तीत इनोडीबी ही यंत्रणा मूळ निवड झाली, तेव्हा हा दोष मूलतः दूर झाला. परंतु तोपर्यंत लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्यांमध्ये प्रवेश रद्द झालेल्या विद्यार्थ्याची नोंद पुसली गेली आणि त्याचे गुण मात्र निराधार राहिले, असे प्रकार घडले. तपासणी-बंधनाची कथा आणखी लांबली. 'गुण शून्य ते शंभर यांच्या दरम्यानच असावेत' अशी अट तक्त्यात लिहिता येत होती. तथापि २०१९ सालच्या ८.०.१६ या आवृत्तीपर्यंत मायएसक्यूएल ती वाचून सोडून देत असे. विद्यार्थी अहवालात ती अट लिहीत, परीक्षक ती वाचत, आणि प्रणाली ११० गुण निमूटपणे साठवून घेई. तुलनेच्या कोष्टकात मात्र 'तपासणी-बंधन : आहे' असाच शेरा असे. व्याकरण चालते म्हणजे वर्तन होते, असे मानणारे हे कोष्टक आहे आणि त्याची खरी मर्यादा हीच आहे.

आजची मायएसक्यूएल ही ती प्रणाली नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जुन्या दोषांच्या आधारे तिला आज नाकारणे हे जुन्या गुणांच्या आधारे तिला स्वीकारण्याइतकेच आळशीपणाचे आहे.

वेग कोणाला हवा?

एका हिशेबाने पुष्कळसा वाद मिटतो. तीन हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय घेऊ. वर्षाला दोन सत्रे आणि प्रत्येक सत्राला सात विषय धरले तर गुणांच्या ४२,००० नोंदी होतात. दहा वर्षांत ४ लाख २० हजार. नावाजलेल्या कोणत्याही मुक्तस्रोत प्रणालीला, साध्या संगणकावरही, हा आकडा किरकोळ आहे. अशा कामासाठी सेकंदाला किती प्रश्न सुटतात याच्या स्पर्धा लावणे म्हणजे बाजारातून मूठभर कोथिंबीर आणण्यासाठी मालमोटारींची क्षमता तपासण्यासारखे आहे.

मोठ्या संस्थांच्या उदाहरणांचा आधारही जपूनच घ्यावयास हवा. ओपनस्ट्रीटमॅप या जागतिक नकाशा-प्रकल्पाने २००९ साली मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेस स्वीकारली. उबर या कंपनीने २०१६ साली, आपण पोस्टग्रेसकडून मायएसक्यूएलकडे का वळलो, याचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. पोस्टग्रेस एखादी नोंद बदलताना तिची नवी प्रत लिहिते आणि त्यामुळे अनेक निर्देशिकांमध्येही लेखन करावे लागते; त्यांच्या प्रचंड लेखनभाराला हे परवडत नव्हते. विकिपीडियाने २०१३ साली मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी घेतली. तिन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत, आणि तिन्हींपैकी एकही आपल्या महाविद्यालयाला लागू नाही. दुसऱ्याच्या अंगचे माप घेऊन आपला अंगरखा बेतता येत नाही.

एसक्यूलाइटबद्दल येथेच दोन शब्द लिहितो, कारण आपल्याकडे तिची अकारण उपेक्षा होते. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेली ही प्रणाली सार्वजनिक मालकीची आहे. तिला वेगळा सर्व्हर लागत नाही. सर्व नोंदी एकाच फाइलमध्ये राहतात. एका विभागाची ग्रंथयादी, एका संशोधकाचे क्षेत्रीय सर्वेक्षण किंवा एका प्राध्यापकाची हजेरीवही यांसाठी याहून अधिक काही घेणे अनाठायी आहे. मात्र तिच्यात एका वेळी एकालाच लिहिता येते. परकीय कळीचे बंधन आपण होऊन चालू करावे लागते. आणि अचूक दशांशांचा स्वतंत्र प्रकार नसल्यामुळे फीच्या रकमा पैशांत, पूर्णांकाच्या रूपाने ठेवणे शहाणपणाचे ठरते. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी चार खिडक्यांवर एकाच वेळी पावत्या फाटत असतील तर ती योग्य साधन नव्हे.

ळ, क्ष आणि ज्ञ

आता ज्या निकषाचा उल्लेख प्रस्तुत लेखकाला एकाही अहवालात आढळला नाही, त्याकडे वळू. आपल्या नोंदी मराठीत असतात. निदान असावयास हव्यात.

पहिला प्रश्न साठवणीचा. मायएसक्यूएलची मूळ लिपिसंज्ञा २०१८ सालच्या ८.० या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ ही होती. अशा तक्त्यात देवनागरी नाव भरले आणि कडक तपासणी बंद असली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जात. ही प्रश्नचिन्हे पडद्यावरची नसून प्रत्यक्ष साठवणीतली असल्याने मूळ नाव परत मिळवण्याचा मार्गच उरत नसे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काही शेकडा मराठी पुस्तकांची शीर्षके या रीतीने गेलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. अखेर कपाटे उघडून ती पुन्हा टंकलिखित करावी लागली. त्यानंतर आलेली 'यूटीएफ-८' ही तेथील संज्ञाही अपुरी होती, कारण ती एका अक्षराला तीनच बाइट देई. देवनागरीला तीन पुरतात, म्हणून आपल्या ते ध्यानात आले नाही. परंतु मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत जे स्थान मिळाले, ते चार बाइटांच्या प्रदेशात आहे. पेशवे दप्तरासारख्या संग्रहातील कागदांची सूची मोडी अक्षरांसह करावयाची झाल्यास त्या जुन्या संज्ञेचा उपयोग नाही. 'यूटीएफ-८-एमबी-४' हीच घ्यावी लागेल. पोस्टग्रेसमध्ये यूटीएफ-८ ही संज्ञा पूर्ण अर्थाने वापरली जात असल्याने हा पेच उद्भवत नाही.

दुसरा प्रश्न क्रमाचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या दरम्यान बसवले आहे. आपल्या शालेय वर्णमालेत ते ह नंतर येते. त्यामुळे केवळ संकेतांकांनुसार लावलेल्या यादीत काणे, काळे, काशीकर असा क्रम लागतो. मराठी क्रम काणे, काशीकर, काळे असा आहे. क्ष आणि ज्ञ यांना तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थानच नाही. ती क्‌ + ष आणि ज्‌ + ञ अशी जोडाक्षरे ठरतात. परिणामी क्षीरसागर हे आडनाव यादीच्या अखेरीस न येता खरे यांच्या अगोदर येते आणि ज्ञानेश्वर हे नाव झ च्या अलीकडे जाऊन बसते. हिंदी कोशांना हा क्रम परका नाही. मराठी वाचकाला मात्र तो चुकल्यासारखा वाटतो. हजेरीपटात याने फारसे बिघडत नाही. परंतु हजारो पुस्तकांच्या सूचीत वाचक यादीच्या शेवटी शोधतो, पुस्तक तेथे सापडत नाही, आणि ते ग्रंथालयात नाही असे समजून तो परत जातो.

येथे प्रणालींमध्ये खरा भेद दिसतो. पोस्टग्रेसने २०१७ सालच्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथसंचाचा आधार घेतला आणि त्यायोगे मराठीसाठी स्वतंत्र वर्णक्रम उपलब्ध झाला. मायएसक्यूएल ८.० सोबत आलेल्या भाषानिहाय क्रमांच्या यादीत मराठी नाही; तेथे क्रमासाठी वेगळा स्तंभ ठेवून त्यात स्वतः रचलेली कळ भरावी लागते. हे अशक्य नाही, परंतु ते काम कोणी तरी करावे लागते, आणि करावे लागते हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.

तिसरा प्रश्न समानतेचा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना या दोन शब्दांतील फरक मराठीच्या प्रत्येक शिक्षकाने वर्गात हसत-हसत सांगितलेला असतो. संगणकावर हा दुसरा शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्या तऱ्हेत र्‌ आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य जोडखूण घालतात. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, परंतु शोध घेताना जुळत नाहीत. उलट युनिकोडच्या सर्वसाधारण तुलना-पद्धतीत ती अदृश्य खूण दुर्लक्षणीय मानली आहे. म्हणून जी प्रणाली त्या पद्धतीने समानता ठरवते तिच्या लेखी, अदृश्य खुणेने लिहिलेला आचारी आणि आचार्य एकच होण्याचा धोका असतो. मायएसक्यूएलच्या मूळ निवडीत समानता अशा सैल तुलनेने ठरते; पोस्टग्रेसच्या मूळ निवडीत ती बाइटांनुसार ठरते आणि सैल तुलना हवी असल्यास २०१९ सालच्या १२ व्या आवृत्तीपासून ती वेगळी मागता येते. यांतील एक बरोबर आणि दुसरे चूक, असे म्हणता येणार नाही. शोधासाठी सैलपणा बरा. विद्यार्थ्याची ओळख पटविण्यासाठी काटेकोरपणा बरा. आपण कोणत्या कामासाठी काय घेतले आहे, हे मात्र ठाऊक असले पाहिजे.

पोस्टग्रेसची भलामण करणाऱ्यांनी दोन गोष्टी लपवू नयेत. झाडाला, झाडावर, झाडांमधून या रूपांमागील झाड ओळखणारा तयार घटक तिच्यासोबतही मराठीसाठी येत नाही. शिवाय वर्णक्रम बाहेरच्या ग्रंथसंचाकडून घेतल्याचा एक मोठा तोटा आहे. २०१८ साली लिनक्सवरील जीलिबसी या संचाच्या २.२८ या आवृत्तीत वर्णक्रमाचे नियम बदलले. संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत करताच जुन्या क्रमाने बांधलेल्या निर्देशिका आणि नवा क्रम यांचा मेळ बसेनासा झाला. नोंद असूनही सापडत नाही आणि एकमेवतेची अट असूनही दुहेरी नोंद शिरते, असे घडू लागले. निर्देशिका पुन्हा बांधणे हा उपाय सोपा आहे. तो करावयाचा आहे हे कळणे अवघड आहे.

फुकट आणि मुक्त

'फुकट ते पौष्टिक' ही आपली वृत्ती मुक्तस्रोत प्रणालींच्या संदर्भात विशेष जाणवते. अहवालांतील 'मोफत' हा शब्द किंमत सांगतो. मालकी सांगत नाही. मायएसक्यूएलची मालकी २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेली आणि जानेवारी २०१० मध्ये सनसह ती ओरॅकलच्या हाती आली, म्हणजे व्यापारी डेटाबेसच्या सर्वांत मोठ्या विक्रेत्यांपैकी एकाच्या हाती. या शक्यतेच्या धास्तीने विडेनियस यांनी २००९ सालीच मारियाडीबी ही शाखा वेगळी काढली. जीपीएलमुळे त्यांना तसे करता आले, हे महत्त्वाचे आहे. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपला परवाना बदलला. नव्या परवान्याला मुक्तस्रोत म्हणून ओएसआय या संस्थेची मान्यता नाही. रेडिसने मार्च २०२४ मध्ये तोच मार्ग धरला, तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वॅल्की ही शाखा निघाली. पुढे २०२५ साली रेडिसने एजीपीएल हा मुक्त परवाना पुन्हा उपलब्ध करून दिला. म्हणजे सात-आठ वर्षांच्या अवधीत 'मुक्तस्रोत डेटाबेस' म्हणून पाठ्यपुस्तकांत गेलेली नावे त्या व्याख्येच्या आत-बाहेर झाली. पोस्टग्रेसवर कोणत्याही एका कंपनीची मालकी नाही आणि तिचा परवाना अतिशय उदार आहे. त्यामुळे असा पालट तिच्या बाबतीत संभवत नाही असे नव्हे, पण तो एका संचालक मंडळाच्या बैठकीत होऊ शकत नाही. भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावल्यांच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. त्या धोरणाचा हवाला देऊन खरेदीचे प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी परवान्याचे नाव तरी प्रस्तावात नमूद करावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

चालवणारी माणसे

महाविद्यालयात निवडीचा प्रत्यक्ष निर्णय पुष्कळदा आपल्या हातीही नसतो. कोहा ही ग्रंथालय-प्रणाली घेतली की मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी तिच्यामागून येते. डीस्पेस घेतली की पोस्टग्रेस येते. मूडल मात्र दोन्हींवर चालते. अशा वेळी दोन निरनिराळ्या प्रणाली एकाच सेवकाच्या माथी मारल्या जातात, आणि तो सेवक बहुधा प्रयोगशाळा साहाय्यक असतो. त्याचे नाव कोणत्याही तुलना-कोष्टकात नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो जी प्रणाली ओळखतो तिला कोष्टकातील दोन गुण अधिक द्यावयास हरकत नाही. या अर्थाने 'प्रयोगशाळेत तीच होती' हे विद्यार्थ्याचे उत्तर पूर्णतः टाकाऊ नव्हते. त्याने ते कारण म्हणून लिहिले असते, तर अहवाल अधिक खरा झाला असता.

केवळ चांगली प्रणाली निवडल्याने काय साधत नाही, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या बाबतीत दिसले. पोस्टग्रेसवर चालणाऱ्या त्यांच्या मुख्य सर्व्हरवरील नोंदी एका अभियंत्याच्या हातून चुकून पुसल्या गेल्या. राखीव प्रती घेण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. ऐन वेळी त्या कामी आल्या नाहीत. रोजची प्रत घेणारी आज्ञा आवृत्त्यांचा मेळ नसल्याने कित्येक दिवस निष्फळ होत होती आणि त्याची वार्ता कोणापर्यंत पोहोचत नव्हती. योगायोगाने काही तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली आणि सुमारे सहा तासांच्या नोंदींवर भागले. कंपनीने हे सर्व लपवले नाही, म्हणून आपल्याला ते अभ्यासता येते. आपल्याकडे राखीव प्रत म्हणजे कार्यालयाच्या कपाटातील पेन ड्राइव्ह; तिच्यातून नोंदी परत उभ्या करून पाहिल्या आहेत का, असे विचारले की सहसा शांतता पसरते.

या वर्षीपासून प्रस्तुत लेखक तोंडी परीक्षेत निवडीची कारणे विचारीत नाही. काणे, काळे, काशीकर, खरे, क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर ही सहा नावे भरावयास सांगतो आणि ती मराठी क्रमाने मागतो. नंतर तक्ता पुसावयास सांगतो आणि राखीव प्रतीवरून तो परत उभा करावयास दहा मिनिटे देतो. गेल्या तुकडीतील एका विद्यार्थिनीला नावे क्रमाने लावता आली नाहीत, पण तक्ता तिने सहाव्या मिनिटाला परत आणला. तिच्या अहवालात तुलनेचे कोष्टक नव्हते. आपल्या गावच्या वाचनालयात संगणक एकच आहे आणि वीज दुपारी जाते, म्हणून एसक्यूलाइट घेतली, एवढे एकच वाक्य होते.